फिएरो म्हणजे पेटणारी गाडी?

पाँटिॲक फिएरो या जनरल मोटर्सच्या ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन गाडीचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, 'तीच ना, पेट घेणारी?' वर कारणही ठरलेलं: बॉडी प्लास्टिकची होती म्हणून. हा त्या गाडीवर अन्याय आहे.

आगी लागल्या, हे खरं. पण बदनामी झाली ती मुख्यतः १९८४ च्या, म्हणजे पहिल्याच वर्षीच्या चार सिलिंडरच्या मॉडेलमुळे. त्या २.५ लिटर इंजिनातले काही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) ओतकामातच कच्चे निघाले. त्यात ऑइल मावायचं तीन लिटरहूनही कमी. मालकाने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, वेळेवर पाहिली नाही, की ऑइल कमी पडून रॉड तुटायचा, थेट इंजिनाचा ब्लॉक फोडायचा आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर उडायचं. आग तिथे लागायची. प्लास्टिकचे पत्रे नुसते बाहेरून बसवलेले. गाडीचा सगळा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर होता. पुढे कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्त्या केल्या, पण गेलेलं नाव परत आलं नाही.

मला हळहळ वाटते ती १९८८ च्या मॉडेलची. सुरुवातीला खर्च वाचवायला पुढचं सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा) शेव्हेट या कंपनीच्याच साध्या छोट्या गाडीवरून उचललं होतं. १९८८ मध्ये अखेर दोन्हीकडचं सस्पेन्शन नव्याने केलं, आणि सीटमागे इंजिन असलेली ही दोन सीटची गाडी वळणावर हवी तशी वागायला लागली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने ती बंद केली. जुनी फिएरो बघायला गेलात, तर १९८८ चीच शोधा.