चाळिशी वेगळी, मुलांचा मायनस वेगळा

चाळिशी सगळ्यांच्या ओळखीची. पेपर हातभर लांब धरावा लागतो, सुईत दोरा ओवायला नातवंडाला हाक जाते, मग वाचायचा चष्मा नाकावर येतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं बघताना त्याला पुरेसं फुगता येत नाही. जन्मात पुस्तक न उघडलेल्यालाही ती लागते. चाळिशीबद्दल एवढं पुरे.

तिसरीतल्या मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, तेव्हा भिंग सहसा ठणठणीत असतं. लांबलेला असतो तो नेत्रगोल. जन्मतः तो पुढून मागे 16-17 मिलिमीटर असतो, मोठेपणी साधारण 24. मायनसच्या, म्हणजे लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलांत ही वाढ गरजेपेक्षा पुढे जाते आणि दूरची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबर. आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

म्हणून ‘चाळिशी आली नि माझा मायनस उतरला’ हे ऐकलं की मला राहवत नाही. उतरत नाही हो! मायनसचा डोळा मुळातच जवळ रोखलेला, त्यामुळे चष्मा काढून वाचता येतं. त्याच डोळ्यांनी समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचून बघा. दोन्ही दोष एकाच डोळ्यात सुखाने नांदतात.

याहून घातक गैरसमज म्हणजे डोळ्याला सवय व्हावी म्हणून मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देणं. मलेशियात हे करून पाहिलं गेलं. 2002 साली निष्कर्ष आले: कमी नंबरचा चष्मा लावणाऱ्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. मुलांना पूर्ण नंबरचाच चष्मा द्या.

मग डोळा लांबतो कशाने? आईवडिलांकडून कल येतो, सतत जवळचं बघण्याचाही वाटा आहे. पण सगळं खापर मोबाइलवर फोडणं मला पटत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिंगापूर आणि सिडनीतल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना होती. आईवडिलांतलं मायनसचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. तरी सिंगापुरात 29 टक्के मुलांना मायनस होता, सिडनीत 3 टक्क्यांना. वाचन सिडनीच्या मुलांचंच जास्त! फरक होता बाहेर काढलेल्या वेळात: आठवड्याला सिडनीत जवळपास 14 तास, सिंगापुरात 3. लख्ख उजेडात दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या त्या पडद्यात, डोपामाइन नावाचं रसायन स्रवतं आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला लगाम घालतं, असं मानलं जातं.

चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30 टक्के मुलांना मायनस लागला, इतर शाळांत जवळपास 40 टक्क्यांना. एकदा लागलेला नंबर रोखण्यात मात्र उन्हाचा उपयोग इतका ठळक दिसत नाही. त्यामुळे मोबाइल काढून घेऊन मुलाला घरातच अभ्यासाला बसवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: त्याला आधी अंगणात सोडा, आणि तेही पहिलीतच.