तेराव्या नंबरवरून थेट पहिला: गॅब्रिएला पापाडाकिसच्या करिअरची पार्श्वभूमी

आइस डान्स म्हणजे फिगर स्केटिंगमधला, बर्फावर जोडीने नाचायचा प्रकार. त्यात वर यायला वर्षं लागतात, निदान तेव्हा तरी लागायची. वरच्या जोड्या रिटायर झाल्या की मागच्या एकेक पायरी पुढे सरकायच्या आणि बघणाऱ्यांनाही त्याची सवय झालेली. म्हणून मार्च २०१५ मध्ये शांघायच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला गॅब्रिएला पापाडाकिस आणि गियोम सिझरॉन ही फ्रेंच जोडी जिंकली तेव्हा सगळे चक्रावलेच, कारण आदल्या वर्षी जपानमधल्या सैतामाला हेच दोघं १३ वे आलेले. ती १९ ची, तो २० चा. खूप जणांनी याला चमत्कार म्हटलं, पण मागचं सगळं नीट बघितलं तर कळतं की याची तयारी दहा वर्षं चालू होती आणि तीही घरातूनच.

गॅब्रिएला मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँची, जन्म मे १९९५ चा, वडील ग्रीक आणि आई कॅथरीन तिथेच स्केटिंगची कोच. गियोमही त्याच रिंकवर यायचा. दोघं नऊ-दहा वर्षांचे असताना आईनेच त्यांची जोडी लावली आणि सुरुवातीची वर्षं शिकवलंही तिनेच. आइस डान्समध्ये पार्टनर बदलणं फार कॉमन आहे, चांगले चांगले स्केटर तीन-चार पार्टनर करून बघतात, पण हे दोघं लहानपणापासून गॅब्रिएलाच्या रिटायरमेंटपर्यंत एकत्रच राहिले आणि माझ्या मते त्यांचं अर्धं यश यातच आहे. कारण या खेळात पेअर स्केटिंगसारखं पार्टनरला हवेत फेकणं नसतं, डोक्यावरच्या लिफ्ट नसतात, मोठ्या उड्या नसतात. गुण मिळतात ते ब्लेडच्या कडेवरचा कंट्रोल, दोघांमधलं अंतर, एकाच लयीत वळणं, ट्विझल्स म्हणजे एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या गिरक्या, यांना. हे एकमेकांच्या अंगवळणी पडायला वर्षं जातात.

आता फ्रान्सचं बघा. १९९१ ला इझाबेल आणि पॉल दुशेने ही भावंडं वर्ल्ड चॅम्पियन झाली, पुढच्या वर्षी घरच्या आल्बरव्हिल ऑलिंपिकमध्ये त्यांना सिल्व्हर मिळालं. मग २००२ ला सॉल्ट लेक सिटीत मरिना अनिसिना आणि ग्वेंडाल पेझेरा यांनी गोल्ड आणलं, पण तेव्हाच, पेअर स्केटिंगमध्ये रशियन जोडीला मत द्यायचं आणि बदल्यात आइस डान्समध्ये फ्रेंच जोडीला मत मिळवायचं असा सौदा फ्रेंच जजने केल्याच्या आरोपाचं मोठं प्रकरण निघालं आणि त्या मेडलकडे लोक संशयाने बघायला लागले. खरं तर ती जोडी जबरदस्त होती, त्यांच्यावर हा अन्यायच झाला असं मला वाटतं. त्या प्रकरणानंतर जास्तीत जास्त ६.० गुण देणारी जुनी पद्धत जाऊन आजची पॉइंट पद्धत आली. अनिसिना-पेझेराची कोच होती लियॉनची म्युरिएल झाझुई, तिच्याच हाताखाली इझाबेल डेलोबेल आणि ऑलिव्हिए शोनफेल्डर २००८ चे वर्ल्ड चॅम्पियन झाले.

गॅब्रिएला आणि गियोम याच लियॉनच्या शाळेत आले, तिथे झाझुईसोबत रोमाँ आगेनोएर शिकवायचा. २०१३ ला मिलानला ज्युनियर वर्ल्डमध्ये सिल्व्हर मिळालं, पण सिनियरला आल्यावर पहिलं वर्ष साधंच गेलं. मग २०१४ च्या उन्हाळ्यात आगेनोएर कॅनडात माँट्रियलला निघाला आणि हे दोघं त्याच्यामागोमाग घर, भाषेचा लहेजा, मित्र सगळं सोडून तिकडे गेले. तिथे मारी-फ्रान्स दुब्रॉय आणि पॅट्रिस लोझाँ हे नवरा-बायको कोच होते, जे स्वतः आधी लियॉनला झाझुईकडे शिकलेले. म्हणजे गाव बदललं तरी घराणं तेच राहिलं, आणि म्हणूनच बदल इतका पटकन लागू पडला.

आणि मग तो मोझार्टचा फ्री डान्स! (स्पर्धेत दोन भाग असतात, आधी छोटा शॉर्ट डान्स, मग मोठा फ्री डान्स, आणि दोन्हींचे पॉइंट एकत्र धरतात.) पियानो कॉन्चेर्टो नंबर २३ चा संथ भाग, त्यावर सगळं एका श्वासात चालल्यासारखं, कुठे एक एलिमेंट संपला आणि दुसरा सुरू झाला हे कळतच नाही. तोपर्यंत बरेच जण चेहऱ्यावर नाट्य आणून गोष्ट सांगायचे, या दोघांनी ते काम शरीरावर सोपवलं. शांघायला शॉर्ट डान्सनंतर चौथे होते, फ्री डान्सने पहिले केले.

त्याच वर्षी पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधी प्रॅक्टिसमध्ये पडून गॅब्रिएलाच्या डोक्याला मार बसला, कन्कशन झालं, ग्रां प्रीच्या म्हणजे सीझनच्या सुरुवातीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मालिकेच्या स्पर्धा हातच्या गेल्या. तरी २०१६ ला बोस्टनला वर्ल्ड टायटल राखलंच. तेवढ्यात कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर परत स्पर्धेत उतरले, आणि तेही माँट्रियलच्या याच कोचांकडे, त्याच रिंकवर! सकाळी ज्यांच्या शेजारी सराव करायचा त्यांच्याशीच ऑलिंपिक गोल्डसाठी भिडायचं. २०१७ ला हेलसिंकीत कॅनडावाले जिंकले. मग नोव्हेंबरमध्ये फ्रेंच जोडी एकूण २०० पॉइंट ओलांडणारी पहिली जोडी ठरली आणि डिसेंबरला नागोयात ग्रां प्री फायनलही त्यांनीच घेतली.

फेब्रुवारी २०१८, प्यॉंगचांग ऑलिंपिक. शॉर्ट डान्स सुरू होऊन काही सेकंदच झालेले आणि गॅब्रिएलाच्या ड्रेसचा मानेमागचा हूक सुटला. थांबली असती तर पॉइंट कापले गेले असते, म्हणून ड्रेस सांभाळत तिने पूर्ण प्रोग्राम केला, २२ वर्षांची मुलगी, सगळं जग लाइव्ह बघतंय आणि स्टेप्सही चुकवायच्या नाहीयेत. ८१.९३ मिळाले, कॅनडाला ८३.६७. दुसऱ्या दिवशी बीथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटावर त्यांनी १२३.३५ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला, फ्री डान्स जिंकलाही, पण एकूण २०५.२८ विरुद्ध २०६.०७, म्हणजे फक्त ०.७९ ने गोल्ड गेलं. त्या हुकाबद्दल मला आजही हळहळ वाटते, पण व्हर्च्यू-मॉयर त्या दिवशी कमी पडले असं मात्र कोणीच म्हणू शकत नाही.

त्यानंतर २०१८ आणि २०१९ ची वर्ल्ड टायटल्स आरामात आली. सलग पाच युरोपियन टायटल्स झाल्यावर २०२० ला ग्राझमध्ये रशियाच्या व्हिक्टोरिया सिनित्सिना आणि निकिता कात्सालापोव्ह यांनी ०.१४ ने हरवलं, मग कोविडमुळे माँट्रियलची वर्ल्ड चॅम्पियनशिप रद्द झाली आणि पुढचा पूर्ण सीझन हे दोघं स्पर्धेतच उतरले नाहीत.

बीजिंग ऑलिंपिकला २०२२ मध्ये आले तेव्हा युरोपियनसुद्धा सोडून आलेले, त्यामुळे थोडी धाकधूक होतीच. रिदम डान्स (शॉर्ट डान्सचं नवं नाव) वाकिंग (waacking) या क्लबमधून आलेल्या हातांच्या झपाट्याच्या डान्सवर बसवलेला, त्याला ९०.८३ चा रेकॉर्ड मिळाला, मग फोरेच्या एलेजीवर फ्री डान्स आणि एकूण २२६.९८, तोही रेकॉर्ड. सॉल्ट लेकनंतर बरोबर २० वर्षांनी फ्रान्सला आइस डान्सचं गोल्ड मिळालं आणि यावेळी त्यावर कुठलाही डाग नव्हता. दीडेक महिन्यात फ्रान्समधल्या माँपेलिएला घरच्या प्रेक्षकांसमोर पाचवं वर्ल्ड टायटल, २२९.८२. ती त्यांची एकत्र शेवटची स्पर्धा ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये रिटायरमेंट जाहीर झाली आणि मार्च २०२५ ला गियोमने कॅनडात जन्मलेल्या लॉरेन्स फोर्निए-बोद्रीसोबत नवी जोडी जाहीर केली.