शांततेसाठी दिव्यांग कलावंतांची आंतरराष्ट्रीय सहनिर्मिती

वेगवेगळ्या देशांतील दिव्यांग व्यक्तींनी शांततेची मागणी मांडण्यासाठी मिळून घडवलेले चित्र, वस्त्रपट, शिल्प, नृत्य, संगीत किंवा नाट्य. या प्रकारात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. विषय, आराखडा आणि ‘काम पूर्ण झाले’ हा निर्णय दिव्यांग कलावंतांच्या हाती असतो. किमान दोन देशांतील सहभागींचे काम एकाच कृतीत मिसळते. आणि ती कृती युद्ध वा हिंसेविरुद्ध उघड भूमिका घेते. निरनिराळ्या देशांतून चित्रे मागवून भरवलेले प्रदर्शन या व्याख्येत बसत नाही. तिथे चित्रे शेजारी लागतात, पण चित्रकार एकमेकांना उत्तर देत नाहीत.

दिव्यांगांविषयी इतरांनी केलेली कला हाही वेगळाच प्रकार आहे. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोर १९९७ मध्ये पहिल्यांदा उभारलेली, एक पाय तुटलेली १२ मीटर उंचीची लाकडी खुर्ची भूसुरुंगांच्या बळींची आठवण करून देते. स्विस शिल्पकार दानिएल बेर्से यांची ही कृती ‘हँडिकॅप इंटरनॅशनल’ या संस्थेच्या पुढाकारातून साकारली. तिचा परिणाम मोठा आहे, पण ती सहनिर्मिती नव्हे.

पार्श्वभूमी

युद्ध माणसांना अपंग करते आणि आधीच अपंग असलेल्यांना सर्वांत आधी उघड्यावर टाकते. भोंगा कर्णबधिराला ऐकू येत नाही, तळघरातल्या आसऱ्याला पायऱ्या असतात, पळापळीत चाकाची खुर्ची मागे राहते आणि औषधांचा पुरवठा तुटतो. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातील (स्वीकृती १३ डिसेंबर २००६, अंमल ३ मे २००८) कलम ११ सशस्त्र संघर्षातील संरक्षणाविषयी आहे. कलम ३० सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा आणि स्वतःची सर्जनशीलता फुलवण्याचा हक्क मान्य करते. सुरक्षा परिषदेने २० जून २०१९ रोजी ठराव २४७५ संमत केला. संघर्षातील दिव्यांगांच्या संरक्षणावर आणि शांतताप्रक्रियेतील त्यांच्या सहभागावर त्यात भर आहे. असे प्रकल्प बहुधा २१ सप्टेंबर (आंतरराष्ट्रीय शांतता दिन) किंवा ३ डिसेंबर (आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन) डोळ्यांसमोर ठेवून आखले जातात.

कलेची वाट मात्र कायद्यांपेक्षा जुनी आहे. जर्मन चित्रकार एरिच श्टेगमान यांनी १९५० च्या दशकात तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना लिश्टेनश्टाइनमध्ये उभी केली. कलावंतांनी आपल्या कामावर जगावे, दयेवर नव्हे, हा तिचा पाया होता. अमेरिकेत जीन केनेडी स्मिथ यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली संस्था पुढे ‘व्हेरी स्पेशल आर्ट्‌स’ या नावाने ओळखली गेली आणि त्यातून आंतरराष्ट्रीय महोत्सव झाले. जपानमधील नारा येथे १९७५ पासून दिव्यांगांच्या कवितांना चाली लावून गाण्याचा ‘वाताबोशी’ सोहळा होऊ लागला. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कँडोको’ या नृत्यसंस्थेने दिव्यांग आणि अदिव्यांग नर्तकांना एकाच मंचावर बरोबरीने आणले.

मोठ्या पटांसाठी आणखी एक उदाहरण उपयोगी पडते. १९९५ मध्ये जपानमधून सुरू झालेल्या ‘किड्स ग्वेर्निका’ उपक्रमात जगभरातील मुले पिकासोच्या १९३७ मधील ‘ग्वेर्निका’ या युद्धविरोधी चित्राच्या मापाच्या, म्हणजे सुमारे ३.५ × ७.८ मीटरच्या कापडावर शांततेची चित्रे रंगवतात. हा उपक्रम दिव्यांगांपुरता नाही. पण माप एकच आणि मजकूर ज्याचा त्याचा, हे त्याचे तत्त्व इथेही चालते.

एकत्र पट कसा घडतो

सर्वांत सोयीची रचना म्हणजे छोट्या चौकोनांचा पट. प्रत्येक सहभागीला ३६ × ३६ सेंटिमीटरचे सुती कॅनव्हास मिळते. चारही बाजूंना ३ सेंटिमीटर कोरे सोडायचे; ते शिवणीत जाते आणि ३० × ३० चे चित्र दिसते. बारा चौकोन आडवे आणि आठ उभे लावले की ९६ जणांचा ३.६ × २.४ मीटरचा पट होतो. ३४० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचे कापड घेतले, तर नुसते कापडच सव्वाचार किलो भरते. त्यावर अस्तर आणि रंग यांचे वजन चढते. म्हणून वरच्या काठाला ८ ते १० सेंटिमीटरची नेफ्यासारखी पट्टी शिवून त्यातून दांडा घालतात. खिळ्यांवर किंवा कड्यांवर टांगलेला पट महिन्याभरात कोपऱ्यांतून ओढला जातो.

चौकोन वेगवेगळ्या देशांत रंगणार असतील, तर ते एकमेकांशी बोलावेत यासाठी जोडखुणा ठरवाव्या लागतात. उदाहरणार्थ, प्रत्येक चौकोनाच्या डाव्या आणि उजव्या कडेला वरून १० सेंटिमीटरवर एक रेघ आत शिरते आणि बाहेर पडते. मध्ये तिचे काय करायचे हे ज्याने त्याने ठरवायचे. कोणी तिचा रस्ता करतो, कोणी नदी, कोणी तुटलेली तार. पट शिवला की प्रत्येक आडव्या ओळीत ती रेघ एका देशातून दुसऱ्या देशात अखंड जाते. अंध कलावंतांसाठी ही खूण गोंदाने चिकटवलेल्या सुतळीची असते. रंगांनाही स्पर्श देता येतो: लाल म्हणजे खरबरीत, निळा म्हणजे गुळगुळीत, पिवळा म्हणजे दोऱ्याचा. हा संकेत सर्व गटांनी काम सुरू होण्याआधी मान्य करावा लागतो. मधेच बदलला, तर अर्धा पट बोटांना वेगळेच सांगतो.

दुसरी पद्धत साखळीची. एका गटाने सुरुवात करायची, मग कापड पुढच्या देशात जायचे आणि तिथल्या गटाने त्यात भर घालायची. ती अवघड, पण अधिक खरी सहनिर्मिती आहे, कारण इथे दुसऱ्याच्या कामावर हात ठेवावा लागतो. नियम आधीच लेखी ठरलेले हवेत: आधीचे किती झाकता येईल, काय झाकायचे नाही, आक्षेप आला तर कोणाला विचारायचे. युद्धात समोरासमोर असलेल्या देशांतील गट सहभागी असतील, तर ध्वज, नकाशा आणि सीमारेषा यांबाबत वेगळा निर्णय लागतो. सरसकट बंदी घातली की चित्रे निरुपद्रवी कबुतरांनी भरतात. त्यापेक्षा आक्षेप घेणाऱ्यानेच आपल्या चौकोनातून उत्तर द्यायचे, ही वाट चांगली.

काम करताना लागणारी सोय

चाकाच्या खुर्चीवरील कलावंतासाठी मेजाखाली गुडघ्यांना सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी उंची लागते. खुर्ची वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा हवी. तोंडात कुंचला धरणाऱ्यांना हलकी, लांब दांडी आणि तोंडापाशी स्वच्छ करता येणारे आवरण लागते. कॅडमियमसारखे विषारी घटक असलेले रंग तिथे अजिबात नकोत. मान लवकर भरून येते, म्हणून अर्ध्या तासाच्या आत विश्रांती ठेवावी. पकड कमजोर असेल तर दांडीवर फोमची नळी चढवून ती जाड करतात. हात थरथरत असेल तर कागद नव्हे, संपूर्ण फळीच मेजाला शिकंजाने आवळावी.

कर्णबधिर सहभागींसोबत एक चूक जवळजवळ सर्वत्र होते. मार्गदर्शक कृती दाखवता दाखवता बोलतो. कलावंताला एकाच वेळी हात आणि दुभाषी दोन्ही पाहता येत नाहीत, आणि निम्मी माहिती निसटते. आधी दाखवावे, थांबावे, मग सांगावे. वेगवेगळ्या देशांतील खाणाखुणांच्या भाषा वेगळ्या असतात. आंतरराष्ट्रीय खुणांनी सामान्य संवाद निभावतो, पण आराखड्यावरची बारीक चर्चा त्यांना पेलत नाही. तिथे प्रत्येक गटाचा स्वतःचा दुभाषी हवा. सत्र लांबले तर दोन दुभाषी आलटून पालटून काम करतात, साधारण दर वीस मिनिटांनी.

बौद्धिक दिव्यांगता असलेल्यांना ‘शांततेचे चित्र काढा’ असे सांगितले की पाटीवरचे ठरलेले चिन्ह उतरते. प्रश्न ठोस हवा: कुठे बसले की भीती वाटत नाही? भांडण झाल्यावर पहिल्यांदा कोण बोलते? उत्तर आले की चित्र आपोआप मिळते. युद्धातून वाचलेल्यांना ‘तुमच्यावर काय गुजरले ते काढा’ असे कधीही सांगू नये. सांगायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. उठून जाण्याची मुभा आणि शांत खोली पहिल्या दिवसापासून असावी.

सर्वाधिक बिघाड होतो तो मदतनीसाच्या हाताने. तो रेघ सरळ करतो, सांडलेला रंग झाकतो, कोरी राहिलेली जागा भरतो. हेतू चांगला असतो, पण चित्र त्याचे होते. म्हणून मदतनीसाने वस्तू द्यायची, धरायची, धुवायची. कॅनव्हासला त्याचा कुंचला लागू नये. ‘पूर्ण झाले का?’ हा प्रश्नही त्याने सुचवत विचारू नये. वेळापत्रक अदिव्यांग गटाच्या अंदाजाच्या दुप्पट धरावे. घाई काढून टाकली तर मदतनीसांचे बरेच हस्तक्षेप आपसूक थांबतात.

पाठवणी

अॅक्रिलिक रंग उष्णतेत मऊ पडून चिकटतो आणि कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो. पट गुंडाळताना रंगवलेली बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे रंगाच्या थराला सुरकुत्या पडत नाहीत. नळकांडे निदान १० सेंटिमीटर व्यासाचे हवे, जाड पोताच्या कामाला त्याहून मोठे. मध्ये सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद घालावा. फुगेवाले प्लॅस्टिक थेट रंगावर लावले तर वाटोळे ठसे कायमचे उमटतात.

कच्च्या लाकडाच्या पेटीवर ‘आयएसपीएम १५’चा, म्हणजे लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो: उष्णतेच्या प्रक्रियेत लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे राहिला असल्याची ती खूण. प्लायवूडला हा नियम नाही. चित्रात खरी पाने, बिया, माती किंवा पिसे चिकटवली असतील, तर पेटी तपासणीत अडकू शकते. स्पर्शासाठी असे साहित्य वापरण्याचा मोह अनेक गटांना होतो. कापड, दोरा आणि कारखान्यातील बंद पाकिटातली वाळू अधिक सुरक्षित. प्रदर्शनापुरता माल नेऊन परत आणायचा असेल, तर ‘एटीए कार्ने’ हे तात्पुरत्या आयातीचे कागदपत्र सीमाशुल्क वाचवते; मात्र दोन्ही देश त्या व्यवस्थेत असायला हवेत. त्याची मुदत कमाल एक वर्ष असते. अनेक देशांचा दौरा आखणाऱ्यांची इथेच फसगत होते.

मांडणी आणि हक्क

चित्राचा मध्य जमिनीपासून १५० ऐवजी १२० ते १३० सेंटिमीटरवर घेतला तर बसून पाहणाऱ्याला मान ताणावी लागत नाही. वाट किमान ९० सेंटिमीटरची ठेवावी, दोन खुर्च्या समोरासमोर येणार असतील तिथे १८० ची. ब्रेलची पट्टी उभ्या भिंतीवर नको, हाताच्या उंचीवर तिरक्या फळीवर लावावी. भिंतीवर वाचताना मनगट दुमडते. पटाला हात लावू द्यायचा की त्याच पोताचा नमुना शेजारी ठेवायचा, हे कलावंतांना विचारून ठरवावे. ध्वनिवर्णनात, म्हणजे अंध प्रेक्षकांना ऐकवायच्या वर्णनात, कलाकृती आधी येऊ द्यावी; चित्रकाराचे अपंगत्व सांगायचे असेल तर त्याच्या संमतीने आणि कामाशी संबंध असेल तेवढेच. ‘एवढे असूनही किती सुंदर’ अशा पाट्यांमुळे शांततेची मागणी बाजूला पडते आणि प्रेक्षक केवळ कौतुक करून निघून जातो.

प्रत्येक चौकोनाच्या मागे नाव, देश आणि वर्ष लिहावे, कलावंताला हवे असल्यास टोपणनाव. संघर्षग्रस्त भागातील सहभागीला खऱ्या नावाने धोका होऊ शकतो. संमतिपत्र सोप्या भाषेत, चित्रांसह, गरजेप्रमाणे ध्वनिफितीवर किंवा खुणांच्या चित्रफितीवर द्यावे. पालकाने किंवा संस्थेने परस्पर सही करणे दिव्यांग हक्क कराराच्या कलम १२ च्या आशयाला धरून नाही. निर्णय घेण्यास मदत करावी, निर्णय हिसकावू नये. पट पुढे कोणाकडे राहील, त्याच्या छायाचित्रांची भेटकार्डे विकली तर पैसे कसे वाटले जातील आणि एखाद्याने आपला चौकोन परत मागितला तर काय, ही तीन कलमे सहभागींशी केलेल्या करारात असतातच असे नाही. ती शिलाईच्या आधी लिहून घ्यावीत. चौकोन काढून देण्याची तरतूद ठेवायची असेल, तर ते यंत्राच्या पक्क्या शिवणीऐवजी हाताच्या धावदोऱ्याने जोडतात.