अकरा मिलिसेकंदांचा हिशेब

साध्या मॉनिटरवर गेम खेळताना सेकंदाला साठऐवजी पन्नासच फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रे) आल्या तर बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही, आणि आलेच तर ‘गेम जरा अडकतोय’ एवढ्यावर विषय संपतो. डोळ्यांवर व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट चढवून खेळताना असे झाले, तर थोड्याच वेळात कपाळावर घाम येतो, मळमळू लागते आणि हेडसेट उतरवल्यावरही डोके गरगरत राहते. नाशिकमध्येही आता हौशी मंडळींच्या घरी असे हेडसेट दिसू लागले आहेत, आणि त्यांची तक्रार बहुधा एकच असते : ग्राफिक्स कार्ड चांगले आहे, सरासरी एफपीएस (सेकंदाला येणाऱ्या फ्रेमची संख्या) नव्वदच्या आसपास दिसतो, तरी चक्कर येतेच. व्हीआरमध्ये सरासरीला फारसा अर्थ नसतो. प्रत्येक फ्रेम तिच्या ठरलेल्या क्षणी तयार होती की नव्हती, एवढेच तिथे मोजले जाते, आणि ग्राफिक्सची सगळी सेटिंग्ज त्याच हिशेबाने लावावी लागतात.

यामागचे कारण आपल्या कानात आहे. मान वळली की कानाच्या आतल्या भागातील अर्धवर्तुळाकार नलिकांना ते लगेच कळते आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे तेवढेच उलट दिशेला फिरून नजर स्थिर ठेवतात. या प्रतिक्षिप्त क्रियेमुळेच चालता चालता आपल्याला दुकानांच्या पाट्या वाचता येतात. हेडसेटमधले दृश्य मात्र मान वळेल तसे संगणकाला नव्याने काढावे लागते. मान सेकंदाला १०० अंश एवढ्या सहज वेगाने वळत असेल आणि चित्र २० मिलिसेकंद उशिरा आले, तर ते असायला हवे तिथून २ अंश मागे राहते. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये एका अंशात साधारण २५ पिक्सेल मावतात, म्हणजे ही चूक ५० पिक्सेलांची झाली. मान पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधून हेडसेट ती बरीच कमी करतो. पण अंदाज जितका लांबचा, तितका तो फसण्याची शक्यता अधिक. कान जग स्थिर असल्याचे सांगत असताना डोळ्यांना ते सरकताना दिसले, की शरीर त्या विसंगतीचा राग पोटावर काढते.

सिनेमाला ही अडचण कधी आली नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवून सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे घेतली जात, आणि पुढे बोलपटांनी २४ हा आकडा रूढ केला. तेवढ्यावर प्रेक्षकांचे भागले, कारण त्यांनी मान वळवल्याने पडद्यावरचे चित्र बदलत नव्हते.

व्हीआरचे गणित याहून कडक आहे. हेडसेट ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० वेळा चित्र बदलत, चालत असेल तर एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३ आणि ७२ हर्ट्झवर १३.९. या मुदतीत दोन्ही डोळ्यांसाठी दोन वेगवेगळी चित्रे पूर्ण व्हावी लागतात. एखादी फ्रेम ११.१ ऐवजी १२ मिलिसेकंदांत तयार झाली, तर नुकसान ०.९ मिलिसेकंदाचे होत नाही. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस मिनिटभराने चुकली तरी पुढच्या गाडीपर्यंत थांबावेच लागते. तसे त्या फ्रेमला पुढच्या ठोक्यापर्यंत, म्हणजे २२.२ मिलिसेकंदांपर्यंत, ताटकळावे लागते. त्यामुळे दहापैकी नऊ फ्रेम ९ मिलिसेकंदांत आणि दहावी १५ मिलिसेकंदांत होत असेल, तर सरासरी छान दिसते आणि खेळणाऱ्याला मात्र सेकंदाला आठेक धक्के बसतात.

हे धक्के झाकण्याची सोय हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. नवी फ्रेम वेळेत आली नाही तर जुनीच फ्रेम मानेच्या ताज्या स्थितीनुसार थोडी फिरवून दाखवली जाते. त्यापुढची पायरी म्हणजे गेमला अर्ध्या गतीने, ९० ऐवजी ४५ फ्रेमवर चालवायचे आणि मधली प्रत्येक फ्रेम आधीच्या दोन फ्रेममधील हालचालीवरून बेतायची. हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने ही युक्ती २०१६ मध्ये आणि पीसीवर व्हीआर गेम चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये वापरात आणली. अडीनडीला ती उपयोगी पडते. पण कायम तिच्यावर विसंबून राहिले तर हाताच्या कडेभोवतीची हवा पाण्यासारखी हलताना दिसते, आणि कुंपणाचे गज किंवा गाडीचे स्टिअरिंग वाकडे होऊ लागते. कार रेसिंगमध्ये असे वेडेवाकडे स्टिअरिंग दिसले, की सेटिंग कमी करायची वेळ आली असे समजावे.

आता रेझोल्यूशनकडे वळू, कारण सर्वांत जास्त वेळ तेच खाते. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ × २२०८ पिक्सेल असतात, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून सुमारे ९१ लाख. ९० हर्ट्झवर सेकंदाला ८२ कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. फुल एचडी मॉनिटरवर ६० हर्ट्झला हाच आकडा साडेबारा कोटींच्या आत राहतो. शिवाय हेडसेटचे भिंग चित्र कडांकडे ताणते, म्हणून संगणकाला ते आधीच उलट वाकवावे लागते आणि त्यात मधला भाग पुसट होऊ नये यासाठी पॅनेलपेक्षा मोठे चित्र काढावे लागते. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हचे पॅनेल एका डोळ्यामागे १०८० × १२०० चे होते. स्टीमव्हीआर मात्र त्यासाठी १५१२ × १६८० चे चित्र काढायला सांगे, म्हणजे जवळजवळ दुप्पट पिक्सेल.

घोटाळा होतो तो इथेच, कारण रेझोल्यूशनची पट्टी एकाच जागी नसते. हेडसेटच्या पीसी ॲपमध्ये एक, स्टीमव्हीआरमध्ये दुसरी आणि पुष्कळदा गेमच्या मेन्यूत तिसरी असते, आणि त्यांचा परिणाम एकमेकांनी गुणला जातो. त्यांचे मोजमापही सारखे नाही. स्टीमव्हीआरमध्ये १५० टक्के केले तर एकूण पिक्सेल दीडपट होतात, रुंदी आणि उंची जेमतेम १.२२ पट वाढते. काही गेममध्ये मात्र १.५ चा अर्थ रुंदीही दीडपट आणि उंचीही दीडपट असा असतो, म्हणजे पिक्सेल सव्वादोन पट. दोन्ही पट्ट्या हौसेने सरकवणारा माणूस कार्डावर तिपटीहून अधिक ओझे टाकतो आणि दोष कार्डाला देतो. माझ्या मते तिन्हीपैकी एकच पट्टी, शक्यतो स्टीमव्हीआरची, हाताळावी आणि बाकीच्या मूळ जागी ठेवून विसरून जावे.

पण रेझोल्यूशन कमी करण्याआधी अडथळा नेमका कुठे आहे हे पाहायलाच हवे. फ्रेमचे काम दोन हातांतून जाते : प्रोसेसर कुठली वस्तू कुठे आहे ते ठरवून काढायच्या वस्तूंच्या सूचना देतो आणि ग्राफिक्स कार्ड त्यानुसार पिक्सेल रंगवते. स्टीमव्हीआरमधील फ्रेम टायमिंगच्या आलेखात दोघांचा वेळ वेगवेगळा दिसतो. तो आलेख उघडून गेममधल्या सर्वांत गजबजलेल्या जागी उभे राहावे, रिकाम्या खोलीत नव्हे, आणि रेझोल्यूशन एकदम निम्म्यावर आणावे. कार्डाची रेघ १४ वरून ८ मिलिसेकंदांवर उतरली तर अडथळा कार्डाचाच होता. आलेखातील उंचवटे जिथल्या तिथेच राहिले तर प्रोसेसर मागे पडतो आहे, आणि तेव्हा चित्र कितीही धूसर केले तरी उपयोग शून्य. अशा वेळी दूरवर दिसणाऱ्या वस्तूंचे अंतर, गर्दीतील माणसांची संख्या आणि मागे उघडे राहिलेले ब्राउझर यांच्यावर कात्री चालवावी.

कार्डाचा भार हलका करायचा असेल तर पहिला मान ‘शॅडो’चा. सावल्या काढायच्या म्हणजे तेच दृश्य दिव्याच्या जागेवरून आणखी एकदा, कधी अनेकदा, काढावे लागते. त्यामुळे ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आल्यास वेळ बराच वाचतो आणि खेळताना फरक क्वचितच जाणवतो. त्यानंतर धुके आणि प्रकाशझोतांची व्हॉल्युमेट्रिक सेटिंग्ज, मग ॲम्बियंट ऑक्लुजन (कोपऱ्या-खाचांतील मंद सावली) आणि स्क्रीनवरून काढलेली प्रतिबिंबे. शेवटच्या दोहोंत एक वेगळीच खोट आहे : ती प्रत्येक डोळ्याच्या चित्रावरून स्वतंत्रपणे मोजली जातात, त्यामुळे डाव्या डोळ्याला दिसलेले प्रतिबिंब उजव्याला दिसेलच असे नाही आणि नजर विनाकारण शिणते. मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) आणि डेप्थ ऑफ फील्ड (जवळचा किंवा दूरचा भाग धूसर करणे) सरळ बंद करावे. आपण कुठे पाहतो आहोत हे बहुतेक हेडसेटना ठाऊकच नसते, तर कुठला भाग धूसर करायचा हे गेम ठरवणार कशाच्या आधारे?

टेक्श्चरच्या, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांच्या, बाबतीत मात्र काटकसर नको. त्याचा भार वेळेपेक्षा कार्डाच्या मेमरीवर पडतो. ८ जीबी मेमरीत सारे मावत असेल तोवर ‘हाय’ ठेवायला हरकत नाही. ती भरली, की माहिती मुख्य रॅममधून ये-जा करू लागते आणि मान वळवताच गेम क्षणभर गोठतो. कडांचे दाते घालवणाऱ्या अँटी-अलायझिंगमध्ये पर्याय असेल तर एमएसएए ही पद्धत निवडावी. टीएए ही दुसरी पद्धत आधीच्या फ्रेम नव्या फ्रेममध्ये मिसळून कडा गुळगुळीत करते, आणि व्हीआरमध्ये मान कधीच पूर्ण स्थिर नसल्याने सगळे दृश्य किंचित पुसट होते.

नाशिककरांनी आणखी एका गोष्टीचा हिशेब ठेवावा, तो हवेचा. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक चिपने वापरलेल्या विजेमुळे वाढलेले अंश. थंडीत निफाडचा पारा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकत असतो त्या दिवसांत १८ अंशांच्या खोलीत लॅपटॉपचे कार्ड ७५ अंशांवर चालत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला ते ९५ वर जायला हवे. कार्ड तिथवर पोहोचूच देत नाही. त्याआधीच ते आपला वेग कमी करते, आणि थंडीत ९.५ मिलिसेकंदांत होणारी फ्रेम १२ वर जाते. म्हणून सेटिंगची परीक्षा गेम सुरू करताच घेऊ नये. अर्धा तास खेळून लॅपटॉप तापला, की मग आलेख पाहावा, चार्जर जोडलेला ठेवूनच, कारण बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही. उन्हाळ्यापुरता हेडसेट ९० वरून ७२ हर्ट्झवर आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याने प्रत्येक फ्रेमला एक चतुर्थांश वेळ अधिक मिळतो, आणि अडखळत्या नव्वदपेक्षा सलग बहात्तर केव्हाही बरे. मुदतीच्या अगदी काठावरही राहू नये, ११.१ मिलिसेकंद हाताशी असतील तर साडेनऊच्या आसपास थांबावे, म्हणजे अचानक स्फोट झाला किंवा गर्दी वाढली तरी फ्रेम चुकत नाही.

हेडसेट वायफायवरून पीसीला जोडला असेल तर लक्षणे नीट ओळखायला हवीत. चित्रात चौकोनी ठिगळे दिसत असतील किंवा आवाज तुटत असेल तर ग्राफिक्स सेटिंगला हात लावू नये. अडचण हवेत आहे. गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत शेजारपाजारचे वीसेक राउटर एकाच पट्ट्यात बोलत असतात. पीसी राउटरला लॅन केबलने जोडावा, हेडसेटसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि राउटर खेळण्याच्याच खोलीत ठेवावा. बिटरेट (सेकंदाला पाठवली जाणारी माहिती) वाढवला की चित्र स्वच्छ होते, पण ते उलगडायला हेडसेटला जास्त वेळ लागतो, म्हणून तोही बेतानेच वाढवावा.

एवढे करूनही, आलेख सपाट असताना, काहींना मळमळतेच. बसल्या जागी जॉयस्टिकने धावताना डोळ्यांना गती दिसते आणि कानाला ती जाणवत नाही; ही विसंगती गेमच्या रचनेतली आहे, ग्राफिक्सची कोणतीही पट्टी सरकवून ती जात नाही. तिथे ‘कम्फर्ट’ हा वेगळा मेन्यू उघडावा, सलग वळण्याऐवजी ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांत वळणारा स्नॅप टर्न निवडावा आणि हालचाल करताना दृश्याच्या कडा झाकणारे व्हिनेट सुरू ठेवावे.