‘इन कॅमेरा’: कौटुंबिक न्यायालयाच्या बंद दारामागची पार्श्वभूमी

‘इन कॅमेरा’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत दोन उलट अर्थांनी चालतो. शवविच्छेदन ‘इन कॅमेरा’ झाले असे छापून येते तेव्हा त्याचे चित्रीकरण झाले असे समजायचे असते. घटस्फोटाची सुनावणी ‘इन कॅमेरा’ झाली असे छापून येते तेव्हा दालनाचे दार लावून घेतले, असे. मूळ लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली, आणि कायद्याला हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. गोंधळ शब्दापुरताच असता तर त्याची नोंद घेण्याचे कारण नव्हते. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला: जी सुनावणी बंद दालनात व्हायची, ती कॅमेऱ्यासमोर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने, होऊ शकते का?

संसाराचा वाद चव्हाट्यावर येण्याचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. मुंबईत १८८४ मध्ये एका पतीने पत्नीने नांदायला यावे म्हणून लावलेला दावा १८८८ मध्ये तडजोड होईपर्यंत न्यायालयाइतकाच वृत्तपत्रांतूनही लढला गेला. त्या प्रसिद्धीने बालविवाहाचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि त्याच प्रसिद्धीने त्या तरुणीच्या वाट्याला निंदानालस्तीही आली. इंग्लंडमध्ये १९१३ साली याच्या उलट प्रकरण घडले. बंद दालनात चाललेल्या आपल्या दाव्यातील जबाबांच्या प्रती एका पत्नीने, स्वतःच्या अब्रूवरचा डाग पुसण्यासाठी, पतीच्या आप्तांना पाठवल्या. खालच्या न्यायालयांनी तिला अवमानाबद्दल दोषी धरले, तर तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तो निर्णय फिरवून खुल्या न्यायालयाचे तत्त्व उचलून धरले. गुप्तता दुर्बल बाजूलाच हवी असते, हे गृहीतक तेव्हापासूनच डळमळीत आहे.

भारतीय कायद्यांत दार हळूहळू बंद होत गेले. ख्रिस्ती विवाहांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ते न्यायालयाच्या मर्जीवर सोडले होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने दोहोंपैकी एका पक्षकाराची इच्छाही पुरेशी मानली. १९७६ च्या दुरुस्तीने मर्जी आणि इच्छा दोन्ही काढून टाकल्या: या कायद्याखालची प्रत्येक कार्यवाही बंद दालनातच व्हावी, आणि उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वगळता, तोही पूर्वपरवानगीने, काहीही छापू नये. दंडाची कमाल मर्यादा मात्र १९५५ सालची १,००० रुपयांचीच राहिली. पुढे कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ आला आणि त्याच्या कलम ११ ने पुन्हा जुनी भाषा वापरली: न्यायालयाला वाटल्यास सुनावणी बंद दालनात व्हावी, आणि एकाही पक्षकाराने तशी इच्छा दर्शवल्यास ती तशीच झाली पाहिजे. एकाच घटस्फोटाच्या अर्जाला एक कायदा दार लावायलाच सांगतो आणि दुसरा विचारून लावायला सांगतो, ही विसंगती तिथून सुरू झाली.

२०१७ च्या वादाचे मूळ बदली अर्जांत होते. पती आपल्या गावी दावा लावतो, माहेरी परतलेली पत्नी तो आपल्या गावच्या न्यायालयात वर्ग करावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जाते, आणि असे अर्ज सहसा मंजूर होत. त्या वर्षीच्या मार्चमध्ये द्विसदस्यीय पीठाने सुचवले की प्रत्येक वेळी खटला हलवण्याऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा मार्ग द्यावा. ९ ऑक्टोबरला त्रिसदस्यीय पीठाने २ विरुद्ध १ अशा बहुमताने ही भूमिका बदलली. बहुमताचे म्हणणे असे, की समेटाच्या टप्प्यावर दोघांची समक्ष भेट आवश्यक आहे, पडद्यावर गोपनीयता टिकण्याची खात्री नाही, आणि कलम ११ ने दिलेला हक्क सोयीसाठी पातळ करता येणार नाही. समेट फसल्यानंतर दोघांची संमती असेल, तर मात्र कौटुंबिक न्यायालयाने विचार करावा. अल्पमताने दाखवून दिले, की १९८४ च्या कायद्यात या तंत्राला कुठेही मनाई नाही, आणि दोघांच्या संमतीची अट घातली की अडून बसणाऱ्याच्या हाती नकाराधिकार जातो.

बहुमताची भीती निराधार नव्हती. पडद्याच्या चौकटीबाहेर कोण नातेवाईक बसून उत्तरे सुचवतो आहे, हे न्यायाधीशाला दिसत नाही, आणि संभाषण कोणी टिपून ठेवले तर ते कळतही नाही. पण तान्हे मूल घेऊन रात्रभराचा प्रवास करून तारखेला येणाऱ्या बाईला ‘समक्ष भेटी’ची जी किंमत मोजावी लागते, ती या युक्तिवादात पुरेशी मोजली गेली नाही, आणि म्हणून अल्पमत अधिक सबळ वाटते. शिवाय ज्या बंद दाराचे रक्षण करायचे, त्याच दाराबाहेर तिच्या नावाचा पुकारा गर्दीच्या व्हरांड्यात होतो आणि फलकावर दोघांची नावे लागलेली असतात.

निकालानंतर अडीच वर्षांत महासाथ आली, न्यायालये पडद्यावरच चालू लागली आणि बदली अर्जाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच कौटुंबिक न्यायालयाला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने काम चालवण्यास सांगितले. त्याआधी, २०१८ मध्ये, महत्त्वाच्या खटल्यांच्या थेट प्रक्षेपणाला मान्यता मिळाली, तेव्हा वैवाहिक वाद त्यातून वगळले गेले होते. म्हणजे कॅमेरा चालेल, प्रेक्षक चालणार नाहीत. हा फरक २०१७ मध्येच करता आला असता.

खरी गळती आता दुसरीकडे आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात द्विसदस्यीय पीठापुढे जाते, तिथला निकाल संकेतस्थळावर चढतो, आणि नपुंसकत्वाचे आरोप, मानसिक आजाराची कागदपत्रे, मुलांची नावे असा सगळा तपशील शोधयंत्रात कायमचा राहतो. हे निकाल झाकून ठेवणे हाही उपाय नव्हे. पोटगीची रक्कम कशी ठरते, मुलांचा ताबा कोणत्या कारणांनी दिला जातो, ‘क्रूरता’ कशाला म्हणतात, हे लोकांना आणि वकिलांना वाचता आलेच पाहिजे; ते वाचायला नावांची गरज नसते. केरळमधल्या एका निकालाने डिसेंबर २०२२ मध्ये हाच भेद केला: कौटुंबिक आणि वैवाहिक प्रकरणांत पक्षकारांनी आग्रह धरल्यास त्यांची ओळख संकेतस्थळावर प्रसिद्ध करू नये. आग्रह मात्र पक्षकाराने धरायचा आहे. त्यासाठी असा आग्रह धरता येतो हे आधी ठाऊक असावे लागते, आणि तोवर निकालाच्या प्रती खासगी संकेतस्थळांवर पोहोचलेल्या असू शकतात.