मेसरश्मिट २६२ जोडायला घेण्याआधी

दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन जेट लढाऊ विमानाच्या मॉडेलचं खोकं उघडल्या उघडल्या डिंकाला हात घालू नका. सूचनापत्रकातलं 'नाकात वजन भरा' हे चित्र बहुतेक जण सोडून देतात, मग तयार विमान शेपटीवर बसतं आणि आम्हाला फोन येतो. गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या कॉकपिटच्या पुढे ठासून चिकटवा, धडाची दोन्ही अर्धुकं जोडायच्या आधी.

गंमत म्हणजे खरं विमानही आधी शेपटीवरच बसायचं. १८ जुलै १९४२ला जर्मनीतल्या लाइपहाइमच्या धावपट्टीवर चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेलने ते पहिल्यांदा निव्वळ जेट इंजिनांवर उडवलं, तेव्हा नाकाखाली चाक नव्हतं. पुढे पंखा नाही, म्हणून शेपटीवर हवेचा झोत नाही. कितीही पळवलं तरी शेपटी उचलेना. वेंडेलने भर वेगात ब्रेकला हलकेच पाय लावला, तेव्हा कुठे ती वर आली. रोज कोण हे करणार? पुढच्या नमुन्यांत नाकाखाली चाक आलं.

इंजिनाच्या तोंडात मधोमध बारीक कडी दिसेल. ती हरवू नका, साच्याची चूक समजून कापूही नका. आत छोटी टू-स्ट्रोक मोटर असे, ती जेट इंजिनाला सुरुवातीची गती द्यायची. वेळ पडली तर ही कडी ओढून ती मोटर हाताने चालू करत, अगदी दुकानाबाहेरच्या जनरेटरसारखी!

हिटलरने बॉम्बर करायला लावलं म्हणून विमान रखडलं, असं गिऱ्हाइकं सांगतात. आमच्या मते खरं दुखणं इंजिनाचं. उष्णता सोसणाऱ्या निकेल-क्रोमियमचा तुटवडा, त्यामुळे त्याचं युमो ००४ हे जेट इंजिन जेमतेम १० ते २५ तास टिकायचं. थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) झटक्यात पुढे ढकलला तर इंजिन विझायचं नाहीतर पेटायचं. ताशी ८७० किलोमीटरने जाणाऱ्या या विमानाला अमेरिकेचं पंख्याचं लढाऊ विमान मस्टँग सरळ पाठलागात गाठू शकत नव्हतं. मग दोस्त राष्ट्रांचे वैमानिक तळाजवळ घिरट्या घालत आणि ते उतरायला आलं की झडप घालत. सुमारे १,४०० विमानं बांधली गेली, पण इंधन आणि तयार वैमानिक नसल्याने त्यातली थोडीच लढली. विमानांचे बरेचसे सांगाडे ऑस्ट्रियातल्या गूसेनच्या नाझी छळछावणीतल्या कैद्यांकडून, भुयारांत, करून घेतलेले होते.

रंग देताना फार गुळगुळीतपणाच्या मागे लागू नका. कारखान्यात सांध्यांवर पुट्टी फासत. काही विमानं तर रंगाविना, पुट्टीचे पट्टे दिसत असतानाच बाहेर पडली.

एखादा भाग तुटका निघाला तर तो ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेला येतो तिच्यासकट घेऊन या, सुटा आणू नका.