नव्ह-शापेल

नव्ह-शापेल : उत्तर फ्रान्सच्या पा-द-काले जिल्ह्यातील एक लहान खेडे. बेथ्यून आणि आर्मांतिएर या शहरांच्या मधल्या सपाट, पाणथळ शेतपट्ट्यात, ला बासेच्या उत्तरेला ते वसले आहे. गावात मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे फारसे काही नाही. पूर्वेला ओबेरची बुटकी टेकडी आहे. तिची उंची नावापुरतीच असली, तरी आसपास सगळेच सपाट असल्याने ती ज्याच्या हाती त्याला खालची प्रत्येक हालचाल दिसे. टेकडीच्या पलीकडे लील हे मोठे औद्योगिक शहर. पहिल्या महायुद्धात या खेड्यासाठी इतके रक्त सांडले ते या भूगोलामुळे.

१९१४ च्या ऑक्टोबर अखेरीस जर्मन सैन्याने गाव घेतले. २७ तारखेला जर्मन तोफखान्याने येथे शिंका आणणाऱ्या रसायनाचे सुमारे तीन हजार गोळे टाकले. रासायनिक युद्धाच्या इतिहासात हा प्रयोग नोंदला जातो, पण ज्यांच्यावर तो झाला त्यांच्या तो लक्षातही आला नाही. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑक्टोबरला, भारतीय तुकड्यांनी गावावर हल्ला चढवला. त्यात ४७ वी शीख पलटण होती आणि तिच्या जोडीला खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या. या सॅपर्समध्ये मराठा, शीख आणि मुसलमान जवान असत. पूल बांधणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे यांत तयार झालेल्या या माणसांना त्या दिवशी साध्या पायदळासारखे संगिनी लावून पुढे धाडण्यात आले. घराघरांतून झुंजत ते गावात शिरले, मुख्य चौकापर्यंत पोहोचले, पण पाठीमागून कुमक आली नाही आणि मशीनगनच्या माऱ्यात त्यांना मागे फिरावे लागले. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सर्व ब्रिटिश अधिकारी ठार वा जखमी झाले. कसलेले कारागीर सैनिक असे एका सकाळी खर्ची घालणे हा उधळेपणाच होता.

गावाचे नाव ज्या लढाईशी जोडले गेले ती १० ते १३ मार्च १९१५ ची. पश्चिम आघाडीवर खंदकांची कोंडी झाल्यानंतर ब्रिटिशांनी स्वतः आखलेली ही पहिली मोठी चढाई. ब्रिटिश सेनापती डग्लस हेग यांच्या पहिल्या आर्मीतील निम्मे हल्लेखोर भारतीय कोअरचे, म्हणजे मेरठ आणि लाहोर डिव्हिजनचे होते. विमानांतून काढलेल्या छायाचित्रांवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार केले होते. सकाळी साडेसातला तीनशेहून अधिक तोफा एकदम धडाडल्या आणि पस्तीस मिनिटांनी पायदळ निघाले. या भागात थोडे खणले की पाणी लागते, त्यामुळे जर्मनांचा बचाव खोल खंदकांऐवजी मातीच्या पोत्यांच्या बांधांवर उभा होता. तोफांपुढे ते बांध टिकले नाहीत. काही तासांत गाव हाती आले.

सगळीकडे मात्र असे घडले नाही. उत्तरेच्या टोकाला ज्या तोफा मारा करणार होत्या त्या इंग्लंडहून आदल्याच दिवशी पोहोचल्या होत्या. तिथले काटेरी तारांचे कुंपण शाबूत राहिले आणि दोन ब्रिटिश पलटणी जवळजवळ संपल्या. दक्षिणेला गढवाल रायफल्सची एक पलटण दिशा चुकून अशाच अखंड तारांवर जाऊन आदळली. दुसऱ्या पलटणीतील गबरसिंग नेगी यांनी खंदकाच्या प्रत्येक वळणावर सर्वांत पुढे राहून शत्रूला मागे रेटले. ते तिथेच पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

खरी अडचण गाव घेतल्यानंतर सुरू झाली. टेलिफोनच्या तारा तुटल्या, पुढचे हुकूम तासन्‌तास पोहोचेनात, आणि तेवढ्या वेळात जर्मनांनी नवी फळी उभी केली. १२ मार्चचा त्यांचा मोठा प्रतिहल्ला परतवला गेला, पण ओबेरची टेकडी दूरच राहिली. जेमतेम दोन किलोमीटर रुंद पट्टीसाठी सुमारे बारा हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. त्यांपैकी चार हजारांहून अधिक भारतीय होती. सेनापतींनी यातून जास्त तोफा, जास्त गोळे एवढाच धडा घेतला. पुढच्या तुकड्यांशी संपर्क कसा टिकवायचा, हा प्रश्न बराच काळ तसाच लोंबकळत राहिला.

एप्रिल १९१८ मध्ये लीस नदीकाठच्या जर्मन आक्रमणाचा पहिला तडाखा याच भागात ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पोर्तुगीज डिव्हिजनला बसला. गावाजवळचा ख्रिस्ताचा क्रूस दोन्ही पाय आणि हाताचा भाग तुटूनही उभा राहिला. १९५८ मध्ये फ्रान्सने तो पोर्तुगालला दिला आणि आता तो बाताल्या येथील मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे. युद्धात जमीनदोस्त झालेले गाव पुढे नव्याने बांधले गेले.

गावाबाहेर, शेजारच्या रिशबूर गावाच्या सीमेवरच्या चौकात भारतीय स्मारक आहे. नवी दिल्लीच्या उभारणीतील वास्तुकार हर्बर्ट बेकर यांनी त्याचा आराखडा केला आणि ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले. सुमारे पंधरा मीटर उंचीच्या स्तंभावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, भोवती सांचीच्या कठड्याची आठवण देणारी जाळीदार गोल भिंत. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या, पण ज्यांची कबर वा दहनस्थळ ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे येथे कोरली आहेत. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी येथे आदरांजली वाहिली. १९६४ मध्ये एक ब्राँझचा फलकही बसवण्यात आला. त्यावरची नावे जर्मनीत युद्धकैदी असताना मरण पावलेल्या भारतीयांची आहेत. त्यांची दफनभूमी बर्लिनजवळ झेरेन्सडॉर्फ येथे होती, आणि शीतयुद्धाच्या काळात ती पूर्व जर्मनीत गेल्याने तिची निगा राखणे अशक्य झाले होते.